पंचेचाळीस सी.सी.ची करवंटी

कप म्हणजे किती, हे मला कोणी शिकवू नये. नातसून मुंबईहून प्लास्टिकचा एक पेला घेऊन आली आहे. त्यावर लाल रेघा आणि रेघांपुढे मिलीचे आकडे. परवा वही उघडून तिने विचारले, "आजी, तुमच्या सोलकढीला आगळ किती कप?" मी म्हटले, "कोणाचा कप?" तिला वाटले मी थट्टा करते आहे. माझ्या फडताळात पाच कप आहेत आणि पाचांत पाच तऱ्हेचे पाणी मावते. मग मी कोणत्या कपाचे सांगू?

तिचा मिली आणि आमच्या वेळचा सी.सी. एकच, असे तिनेच मला सांगितले. बरे झाले. म्हणजे हे काम मी तिच्या आधी पन्नास वर्षे करून बसले आहे. आणि तेव्हा कढी आंबट होते की अळणी, एवढाच प्रश्न नव्हता.

माझी पहिली मुलगी झाली तेव्हा मी अठरा वर्षांची होते. माहेर हेदवीचे, सासर रत्नागिरीला. हे मुंबईत कारकून. घरात सासूबाई आणि मी, मागे माडांचे आगर, एक गाय. माझी शाळा मराठी चौथीपर्यंत. पण चौथीपर्यंत म्हणजे पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी सगळी पाठ. आमचे मास्तर चुकले की छडी मारीत, त्यामुळे अजून विसरलेले नाही.

बाळंतपणानंतर मला ताप आला. तीन आठवडे मी खाटेवर होते. ताप गेला आणि बरोबर दूधही गेले. सासूबाईंनी शतावरी दिली, अळीव दिले, खसखस दिली. काही झाले नाही. मग मुलीला गाईचे दूध सुरू केले. त्यात पाणी किती घालायचे, तर अंदाजाने. सासूबाईंचा अंदाज वेगळा, शेजारच्या काकूंचा वेगळा, माझा तर अंदाजच नव्हता. कधी दूध दाट झाले की ओकारी, कधी पातळ झाले की रडणे. दोन महिन्यांची झाली तेव्हा तिच्या मांड्यांना म्हाताऱ्या बाईसारख्या सुरकुत्या होत्या. उचलली की हाताला वजनच लागत नसे.

काकू म्हणाल्या, "जीव घालवू नकोस गो. मुलगीच आहे."

सासूबाई तसे कधी बोलल्या नाहीत. हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवते, कारण पुढे त्यांच्या विरुद्ध बरेच लिहायचे आहे.

गावात तेव्हा एक नवा डॉक्टर आला होता. जर्मनीत शिकून आलेला. मी मुलीला घेऊन गेले. त्याने तिला तागडीच्या पारड्यात ठेवून तोलले आणि तोंड वाकडे केले. मग कागदावर लिहून दिले. दूध नव्वद सी.सी., पाणी पंचेचाळीस सी.सी., साखर चिमूटभर, दर तीन तासांनी. "याच्याहून थेंब कमी नको, थेंब जास्त नको," तो म्हणाला. "हिच्या पोटाला आता चुका सोसायच्या नाहीत."

मी विचारले, "सी.सी. म्हणजे?"

"कंपाउंडर सांगेल," असे म्हणून त्याने पुढच्या रोग्याला हाक मारली.

कंपाउंडर बाहेरच्या खोलीत औषधाच्या बाटल्यांना कागदाच्या पट्ट्या चिकटवीत होता. तेव्हा औषधाच्या बाटलीवर खाचा पाडलेली कागदी पट्टी असे. एक खाच म्हणजे एक वेळचे औषध. मी त्याला कागद दाखवला.

"पंचेचाळीस सी.सी. म्हणजे दीड औंस," तो म्हणाला.

"दीड औंस म्हणजे केवढे?"

"म्हणजे अर्धा कप, वहिनी. अर्धा कप पाणी, एक कप दूध. सोपे तर आहे."

"कोणाचा कप?"

त्याने मान वर केली. "कोणाचा म्हणजे? चहाचा."

"आमच्या घरी चहाचे कप नाहीत. आम्ही पेल्यातून पितो."

"मग वाटी घ्या."

"कोणती वाटी? आमच्याकडे आमटीची वाटी आहे, तुपाची वाटी आहे, श्रीखंडाची आहे."

बाकावर बसलेली माणसे हसायला लागली. कंपाउंडर चिडला. "वहिनी, तुम्ही किती शिकलात?"

"चौथी."

"मग मी सांगतो ते करा. तुम्हाला सी.सी. कळून काय करायचे आहे?"

त्याच्या मागे फळीवर काचेचा उभा पेला होता. त्यावर बारीक रेघा होत्या. मी बोट दाखवून विचारले, "ते काय आहे?"

"मेझर ग्लास. डॉक्टरांनी जर्मनीहून आणलाय. दवाखान्याबाहेर जायचा नाही."

"मग मीच भांडी घेऊन दवाखान्यात येते," मी म्हटले.

दुसऱ्या दिवशी मी एका फडक्यात घरातल्या सहा वाट्या बांधून नेल्या. मुलगी खांद्यावर. कंपाउंडरला वाटले होते मी येणार नाही. मी त्याच्या पायरीवर बसले आणि म्हटले, "पेला द्या. इथेच मोजते. फुटला तर माझा हात कापा." डॉक्टर आतून हे ऐकत होता. तो म्हणाला, "दे रे तिला." कंपाउंडरने दिला.

मी पेल्यात पंचेचाळीसच्या रेघेपर्यंत पाणी भरले आणि एकेका वाटीत ओतून पाहिले. आमटीच्या वाटीत ते तळाशी राहिले. तुपाच्या वाटीत निम्म्याहून वर गेले. श्रीखंडाच्या चार वाट्या एकाच कासाराच्या दुकानातल्या, एकाच दिवशी घेतलेल्या. त्या चारांत पाणी चार उंचींना उभे राहिले. हाताने ठोकलेली भांडी ती, सारखी कशी असतील? आणि कंपाउंडरचे दीड औंस अर्ध्या कपाएवढे! डॉक्टरच्या टेबलावर त्याचा चहाचा कप होता, तोही मी मागितला. पंचेचाळीस सी.सी. त्याच्या पाव भागाला जरा वर गेले. अर्धा कप भरून दिला असता तर मुलीच्या पोटात दुप्पट गेले असते. मी कप कंपाउंडरच्या समोर धरला. तो म्हणाला, "हा कप मोठा आहे."

"मी काल तेच विचारत होते," मी म्हटले.

वाटीच्या आत सुईने रेघ ओढता आली असती. पण घरी सासूबाई होत्या. त्यांना जवळचे नीट दिसत नसे आणि रेघ बघून ओतायची सवय नव्हती. आमच्याकडे माप म्हणजे काठोकाठ. शेर असो, पावशेर असो, भरला म्हणजे भरला. तेव्हा मला असे भांडे पाहिजे होते की ज्याचा काठ हीच रेघ. ते विकत कुठे मिळणार नव्हते. मी ते करायचे ठरवले.

आगरात अगदी टोकाला एक म्हातारा माड होता. त्याला नारळ येत ते मोसंब्याएवढे. त्यांना कोणी विचारीत नसे. त्यातला एक मी फोडला. डोळ्यांकडची बाजू टाकून दिली, कारण ती गळते. दुसरी करवंटी काचेच्या तुकड्याने आतून-बाहेरून खरवडली, दोनदा पाण्यात उकळली, म्हणजे वास राहत नाही. आणि ती घेऊन तिसऱ्या दिवशी पुन्हा दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसले.

पायरी जांभ्याची होती. जांभा खरखरीत असतो, त्यावर करवंटीचा काठ घासला की झिजतो. मी घासायचे, पुसायचे, काठोकाठ पाणी भरायचे, ते पेल्यात ओतून बघायचे. ऐंशी भरले. पुन्हा घासले. सत्तर. पुन्हा घासले. कंपाउंडर येता-जाता बोलत होता.

"वहिनी, पायरी झिजेल आमची."

"झिजू दे. जांभा पुष्कळ आहे गावात."

"भांडी संपली वाटतं घरातली? करवंटी हातात घेऊन दारात बसलात, लोक पैसे टाकतील."

बाकावरची माणसे पुन्हा हसली. मीही हसले असते, पण साठ भरले होते आणि आता जपून घासायला हवे होते. जास्त झिजली असती तर नवा नारळ शोधावा लागला असता. पन्नासला आल्यावर मी अगदी हलक्या हाताने चार घासे मारायची आणि मोजायची. शेवटी पाणी पंचेचाळीसच्या रेघेवर उभे राहिले. मी तीनदा भरून तीनदा ओतले. तिन्ही वेळा तेवढेच. कंपाउंडरला बोलावून म्हटले, "वाचा." त्याने वाचले आणि पेला विसळून फळीवर ठेवला.

घरी सासूबाईंना सांगितले, ही दोनदा भरून दूध, एकदा भरून पाणी. मी त्यांना आई म्हणत असे, कारण तशी पद्धत होती.

"तान्ह्या पोराचं दूध कोणी मापून देतं का गो?" त्या म्हणाल्या. "ते काय साऱ्याचं भात आहे? नजर लागेल. आणि घरात चांदीची वाटी असताना लेकीच्या तोंडाला करवंटी! आत्तापासूनच हातात करवंटी द्यायची आहे तिच्या?"

"चांदीच्या वाटीत किती मावतं ते मला ठाऊक नाही. हिच्यात किती मावतं ते ठाऊक आहे."

"तुझ्या आईनं तुला असं मापून वाढवलं?"

"माझ्या आईला दूध होतं."

शेवटी करवंटी वापरायचे त्यांनी कबूल केले. सकाळी मी तळ्यावर धुणे घेऊन जायची आणि मग आगरात शिंपणे असे, तेव्हा नऊचे आणि बाराचे दूध त्या देत. बाकीचे मी. दूध बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या लहान भांड्याने, पाजायचे.

चार दिवस गेले. सकाळी सहाला मी दूध पाजले की मुलगी शांत झोपे. मी परत यायची तेव्हा ती ओकलेली असे. दुपारभर पोट फुगून तटतटत असे, जुलाब होत. संध्याकाळी मी पाजले की पुन्हा बरी. पाचव्या दिवशी तिचे डोळे आत गेले. मान धरवेना.

काकू पडवीत येऊन बसल्या. "मी आधीच म्हटलं होतं. मापलं की बाधतंच." सासूबाईंनी मला दौत-टाक घेऊन बसवले. त्यांना लिहिता येत नसे, म्हणून मुलाला पत्र लिहायचे झाले की मीच लिहायची. त्या सांगू लागल्या, "लिही. तुझी बायको कोणाचं ऐकत नाही. दवाखान्याच्या पायरीवर भिकारणीसारखी बसून करवंटी घासते. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. मुलगी चार दिवसांची सोबतीण आहे. तू येऊन तिला शहाणपण शिकव. लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाच."

मी वाचले. शब्दाला शब्द तेच होते. त्यांना समाधान वाटले. मग मी खाली आणखी दोन ओळी लिहिल्या आणि त्याही मोठ्याने वाचल्या. 'वरील मजकूर आईंनी सांगितला तसा लिहिला आहे. मोजणे मी बंद करणार नाही.'

"हे मी सांगितलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या.

"नाही. ते मी सांगितलं."

पत्र टाकले. पण तेवढ्याने मुलगी बरी होणार नव्हती. माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. एकच करवंटी, एकच गाय, एकच मूल, मग माझ्या हातचे पचते आणि त्यांच्या हातचे का पचत नाही? त्या दुष्टपणा करीत होत्या असे मला क्षणभरही वाटले नाही. रात्रंदिवस तिला मांडीवर घेऊन बसत होत्या त्या. मला वाटले, काठाच्या वर थोडे जास्त ओतत असतील. पण करवंटीत काठाच्या वर दूध राहणार कसे? सांडेल.

दुसऱ्या दिवशी धुणे अर्धे टाकून मी बाराच्या आधी परत आले. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले. सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या, समोर पातेले, हातात करवंटी. त्यांनी ती काठोकाठ भरली, एक थेंब इकडे तिकडे नाही, आणि भांड्यात ओतली.

"लाभ," त्या म्हणाल्या.

पुन्हा भरली, ओतली. "एक."

पुन्हा भरली, ओतली. "दोन."

मग पाणी. "लाभ. एक."

मी आत जाऊन त्यांच्यासमोर बसले.

पहिल्या मापाला एक म्हणायचे नाही, लाभ म्हणायचे, हे मलाही ठाऊक होते. धान्य मोजताना सगळेच म्हणतात. पण माझ्या माहेरी लाभ, दोन, तीन असे मोजत. लाभ हाच एक. या घरात लाभाचे माप मोजणीत धरतच नसत. ते देवाचे, वरचे. भात मोजताना त्याने काही बिघडत नाही, घेणारा खूश होतो. पण इथे दुधाची दोन मापे तीन होत होती आणि पाण्याचे एक दोन. तीन करवंट्यांच्या जागी पाच. आणि दूध टाकून देणे या घरात पाप, म्हणून बोंडले पुन्हा पुन्हा भरून त्या शेवटच्या थेंबापर्यंत पाजत.

"आई, ती पाच झाली," मी म्हटले.

"कुठे पाच? दोन दूध, एक पाणी. तूच सांगितलंस."

"आणि लाभ?"

"लाभ कोणी मोजतं का? पहिलं माप देवाचं."

"देवाचं आहे तर देवाला पाजा ना! माझ्या मुलीला का पाजता?"

सुनेने असे बोलायचे नसते, मला माहीत आहे. मी बोलले. त्यांचा चेहरा लाल झाला. "या घरात बिनलाभाचं माप कधी झालं नाही. माझ्या सासूनं केलं नाही, मी करणार नाही. नुसतं एक-दोन मोजून पोराला दूध देऊ? ते तिरडीचं मोजणं."

त्या हटणार नाहीत हे मला दिसत होते. मीही हटणार नव्हते. पण आम्ही दोघी अशाच बसलो असतो तर मुलगी गेली असती. मी ते पाचही करवंट्यांचे दूध गाईच्या आंबोणात ओतले, त्यांच्या देखत, आणि नवे तीन मापांचे करून पाजले. ती झोपली. ओकली नाही.

मग मी आगरात जाऊन त्याच म्हाताऱ्या माडाखालचा आणखी एक, जरा मोठा नारळ उचलला.

या वेळी दवाखान्यात जायची गरज नव्हती. पंचेचाळीसची करवंटी माझ्याजवळ होती. पंचेचाळीस दुणे नव्वद. मागच्या दारी जांभ्याच्या चिऱ्यावर बसून मी नवी करवंटी घासली, जुनीने दोनदा पाणी भरून बघितले, पुन्हा घासली. दोन भरल्या की काठोकाठ, असे होईपर्यंत. बोटे सोलवटली. संध्याकाळी दोन्ही करवंट्या सासूबाईंच्या पुढ्यात ठेवल्या.

"ही मोठी दुधाची. ही लहान पाण्याची. मोठी एकदा भरायची, लहान एकदा भरायची. लाभ म्हणा. आणि थांबा."

"दुसरं माप नाही?"

"नाही. नुसता लाभच."

त्या दोन्ही करवंट्या हातात घेऊन बराच वेळ फिरवीत बसल्या. रात्री नऊचे दूध त्यांनी माझ्यासमोर केले. मोठी भरली, "लाभ." लहान भरली, "लाभ." मग हात थांबला. सवयीने तो पुन्हा पातेल्याकडे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला.

जुलाब दोन दिवसांत थांबले. तीन आठवड्यांनी मी मुलीला दवाखान्यात नेले. पारडे खाली गेले. डॉक्टर म्हणाला, "कशाने मोजता?" मी फडक्यातून दोन्ही करवंट्या काढल्या. त्याने स्वतः पेला घेऊन मोठी मोजली. नव्वद. त्याने कंपाउंडरला हाक मारून ते दाखवले. कंपाउंडर म्हणाला, "पायरी आमची झिजली त्यात." मी म्हटले, "अर्ध्या कपापेक्षा पायरी स्वस्त पडली."

ह्यांचे उत्तर महिन्याने आले. 'आईला नमस्कार. मोजणे चालू ठेवावे.' मी ते सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी पुन्हा वाचायला लावले, मी काही बदलले तर नाही ना म्हणून.

पुढे दोन वर्षांनी काकूंच्या सुनेचे दूध आटले. तेव्हा काकू आमच्या मागच्या दाराने आल्या, पुढच्या नव्हे. "त्या करवंट्या आहेत का गो?" मी उठायच्या आत सासूबाई उठल्या. फडताळातून त्यांनीच त्या काढल्या, पदराने पुसल्या.

"हे बघ," त्या काकूंना म्हणाल्या, "मोजायचं काही नाही. मोठी दुधाची, लहान पाण्याची. एकदा भरायची, लाभ म्हणायचं आणि हात मागे घ्यायचा. आमच्या घरात असंच करतात."